कामिगासेची पन्नास मिनिटं

चोवीस तासांच्या पाळीचा शेवटचा तास उरला की माणूस अर्धा घरी पोचलेला असतो. पाय फलाटावर, हात फोनवर आणि डोकं उशीवर. एकोणसाठाव्या वर्षी तर डोकं सकाळी आठलाच निघून जातं. हिगुरे स्टेशनात मला एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे उरलेलं काम हातपाय आपले आपण करतात, आणि बहुतेक वेळा बरोबर करतात. त्या शुक्रवारी केलं नाही.

हिगुरे काही मोठं स्टेशन नाही. जलद गाडी आमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. सकाळी साडेसहा ते नऊ सगळं उपनगर काळे कोट घालून आमच्या फाटकातून शहरात जातं आणि संध्याकाळी चुरगळून परत येतं. मधल्या वेळात येतात ते म्हातारे, बाळांच्या गाड्या, दवाखान्याचे कागद छातीशी धरलेली माणसं आणि व्हीलचेअरवाले. आमचा फलाट नेमका वळणावर आहे, डब्यात आणि फलाटात चांगली वीतभर फट राहते. म्हणून व्हीलचेअर असली की आम्ही फळी टाकतो. त्याआधी उतरायच्या स्टेशनला फोन करतो: अमुकची गाडी, चौथा डबा, दुसरं दार, एकजण. पलीकडचा माणूस ते सगळं परत म्हणून दाखवतो आणि वेळेवर फळी घेऊन त्या दारासमोर उभा राहतो. प्रवाशाने यात काहीच करायचं नसतं. तो एका फळीवरून निघतो आणि दुसऱ्या फळीवर पोचतो. पार्सल पाठवतानासुद्धा यापेक्षा जास्त विचारपूस होते, असं कुरामोचीबाई एकदा मला म्हणाल्या होत्या.

कुरामोची तोमिए, वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात सहाशे पोरांचा भात शिजवला, त्यात कंबर गेली. त्यांचे यजमान दोन वर्षं मिनेओकाच्या इस्पितळात पडून होते. बाई दर मंगळवारी आणि शनिवारी नऊ बावीसच्या गाडीने त्यांना बघायला जायच्या. मांडीवर निळ्या फडक्यात बांधलेला डबा, आणि तोंडात माझ्यासाठी एखादा टोमणा तयार. मी पेंगुळलेला दिसलो की म्हणायच्या, सेगावासान, तुम्ही बसा खुर्चीत, मी ढकलते.

सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी त्याच गाडीने, त्याच दारातून इनादा नावाचा गृहस्थ जायचा. तोही व्हीलचेअरवर. तो कामिगासेला उतरतो, तिथल्या छापखान्यात काम करतो. त्या शुक्रवारी त्याला ताप होता, येणार नाही म्हणून आठ वाजता त्याच्या आईचा फोन आला, आणि कचेरीतल्या फळ्यावरचं त्याचं नाव मी स्वतः पुसलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी कुरामोचीबाई फाटकात आल्या. शुक्रवारी कशा, असं मी विचारलं. आज जरा जायचं आहे, एवढंच त्या म्हणाल्या. डबा नव्हता. टोमणाही नव्हता. हे मला नंतर आठवलं.

मी फोन उचलला. आमच्यात प्रत्येक कामावर बोट ठेवून ते मोठ्याने म्हणायची पद्धत आहे, म्हणजे चूक होत नाही. मी गाडीच्या वेळेवर बोट ठेवलं, नऊ बावीस. डब्यावर ठेवलं, चौथा. दारावर ठेवलं, दुसरं. आणि शुक्रवार असल्यामुळे माझ्या बोटाने कामिगासेचं बटण दाबलं आणि माझ्या तोंडाने कामिगासे म्हटलं. पलीकडे तिथल्या निइमीबाई होत्या. त्यांनी सगळं अगदी शिस्तीत परत म्हणून दाखवलं. दोघांनी मिळून चूक इतकी नीट केली की तिच्यात खोट काढायला जागा नव्हती.

मी फळी टाकली, बाईंना चढवलं, गाडीला वाकून नमस्कार केला आणि पाळी संपवून घरी जाऊन झोपलो.

दुपारी एकला स्टेशनमास्तरांचा, होन्माचा, फोन आला. होन्मा माझ्याहून अठरा वर्षांनी लहान. मला अहोजाहो करतो, आणि ओरडायचं असलं की आधी तब्येतीची चौकशी करतो. त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली तेव्हाच मी उठून बसलो. कुरामोचीबाईंना कामिगासेला उतरवलं गेलं होतं. तिथे त्या पन्नास मिनिटं होत्या. मिनेओकाला पोचल्या दहा एकेचाळीसला, आणि यजमान दहा वीसला गेले होते. सकाळी साडेआठला इस्पितळाने त्यांना फोन करून ताबडतोब बोलावलं होतं. व्हीलचेअर चढवता येईल अशी टॅक्सी आदल्या दिवशी सांगावी लागते, म्हणून त्या गाडीने निघाल्या होत्या. मुलगा फुकुओकाहून विमानाने येत होता आणि त्याने आमच्या कचेरीला फोन केला होता.

रेल्वेच्या माणसाला दुःखसुद्धा आधी वेळापत्रकात कळतं. मी अंथरुणात बसून मिनिटं मोजली. माझी चूक झाली नसती तर बाई नऊ एक्कावन्नला मिनेओकाला उतरल्या असत्या. तिथून इस्पितळाच्या खाटेपर्यंत चौदा मिनिटं. म्हणजे दहा पाच. मी हे तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा दहा पाचच आले.

संध्याकाळी निइमीबाईंनी आपण होऊन फोन केला. आम्ही नऊ वर्षं फोनवर बोलतो, त्यांचं तोंड मी पाहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, बाई उतरल्या तेव्हा अगदी शांत होत्या. कुठे जायचंय विचारलं तर म्हणाल्या, मला घ्यायला माणूस येणार आहे, मी इथेच बसते. उन्हाच्या बाजूला न्या, असंही म्हणाल्या. निइमीबाई दोनदा जाऊन विचारून आल्या, दोन्ही वेळा तेच उत्तर. दहा वीस झाल्यावर बाई स्वतःच खुर्ची हाकत कचेरीच्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, काहीतरी घोटाळा झालाय, मला मिनेओकाला जायचं होतं.

मी पुन्हा मोजलं. दर दहा मिनिटांनी गाडी. बाईंनी तेव्हाच सांगितलं असतं तर त्या नऊ चव्वेचाळीसची गाडी धरून दहा पंधराला खाटेपाशी असत्या. पाच मिनिटं हातात राहिली असती.

होन्माला मी हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने निइमीबाईंकडून तसं लिहून मागवलं. तो असा का उजळला ते सांगायला हवं. मार्चअखेर मला साठ पूर्ण होणार होती. साठीला आमची नोकरी संपते, पण नोंद चांगली असेल तर पुढची पाच वर्षं परत घेतात, त्याच स्टेशनात, त्याच फलाटावर. मला दुसरं काही येत नाही. मला ना मासे पकडायला आवडतं, ना कुंडीतली झाडं वाढवायला. मी दमलोय हे खरं, पण घरी बसून दमायची मला भीती वाटते. दहा मिनिटांची चूक असेल तर ताकीद मिळून सुटलो असतो. पन्नास मिनिटांची, आणि तीही माणूस जाताना बायको पोचू शकली नाही अशी, असेल तर परत घेण्याचा प्रश्नच नव्हता. होन्माने हे तोंडावर सांगितलं, आणि सांगताना पुन्हा गुडघ्यांची चौकशी केली.

दहाव्या दिवशी सकाळची गर्दी ओसरल्यावर कुरामोचीबाई स्टेशनात आल्या. काळे कपडे. मी खाली वाकून क्षमा मागायला लागलो तर म्हणाल्या, ते रविवारी घरी येऊन करा, तेव्हा माझा मुलगा यासुनोरीही असेल. आत्ता मला फलाटाच्या टोकाला न्या. कुठेही जायचं नाही, बोलायचं आहे.

मी त्यांना नेलं. फेब्रुवारीतलं पातळ ऊन पडलं होतं. एक जलद गाडी धडधडत निघून गेली आणि तिच्या वाऱ्याने त्यांचा गळपट्टा उडाला, तो मी उचलून दिला.

मग त्यांनी सांगितलं. सहा वर्षं यजमान आजारी होते. चार वर्षं घरी, दोन इस्पितळात. असा फोन आधी सहा वेळा आला होता, ताबडतोब या, काही खरं नाही. सहाही वेळा त्या जिवाच्या आकांताने धावल्या. सहाही वेळा यजमान वाचले, आणि डोळे उघडून म्हणाले, उशीर का केलास.

“त्या दिवशी दार उघडलं,” त्या म्हणाल्या, “आणि समोर भलतंच स्टेशन. ती बाई फळी टाकून वाकून उभी. म्हणे, आपलीच वाट बघत होते. सगळा डबा माझ्याकडे बघतोय, गाडी माझ्यासाठी थांबलेली. आता तिला काय सांगू, तुझी फळी नको? बिचारी एवढ्या थंडीत येऊन उभी राहिलेली. उतरले.”

मला हसू येणार होतं, आणि हसायची वेळ नव्हती. मीही उतरलो असतो. आमच्या लाईनवरचा कुणीही उतरला असता.

“तुमची चूक तिथे संपली, सेगावासान. पुढची गाडी दहा मिनिटांत होती. मला माहीत होतं, पाटीवर समोरच लिहिलेलं होतं. तुमची दहा मिनिटं. उरलेली चाळीस माझी.”

मी विचारलं, का. असं विचारू नये, पण तोंडातून गेलं.

“ऊन होतं,” त्या म्हणाल्या. “समोरच्या मैदानात शाळेतली पोरं दोरीवरच्या उड्या मारत होती. मी फलाटावरच्या नाणी टाकायच्या यंत्रातून मक्याच्या गरम सुपाचा डबा घेतला. सहा वर्षांत पहिल्यांदा मी कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. एक गाडी जाऊ दे म्हटलं. मग आणखी एक. वाटलं, हा सातवा फोन, याही वेळी वाचतीलच की. वाचले की म्हणतीलच, उशीर का केलास. म्हटलं, एकदा तरी खराच उशीर करू.”

त्या रडल्या नाहीत. मला वाटतं त्यांच्यात तेवढी ताकद उरली नव्हती. हातमोजे काढून मांडीवर एकावर एक ठेवले आणि त्यांच्याकडेच बघत बोलल्या.

“यासुनोरीला ती चाळीसही तुमचीच वाटतात. रोज रात्री फोनवर तुमच्या कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. त्याने बरं वाटतं त्याला. मला म्हणतो, आई, तू किती धावलीस, आणि या लोकांनी घात केला.” मग त्यांनी हातमोजे परत घातले. “ती चाळीस तशीच तुमच्या नावावर राहू द्याल का?”

मला राग आला हे कबूल करतो. चांगलाच आला. माझी पाच वर्षं या बाईच्या सुपाच्या डब्यात बुडणार होती, आणि ते त्यांना ठाऊकही नव्हतं. सांगायला हवं होतं. ओठांवर आलं होतं, कुरामोचीसान, मार्चमध्ये माझं असं असं आहे. पण जी बाई फळीवाल्या बाईला नाही म्हणता आलं नाही म्हणून भलत्या स्टेशनात उतरली, तिच्यापुढे मी कुठला नाही म्हणणार? मोडेन पण वाकणार नाही म्हणणारी माणसं आमच्याकडे टिकत नाहीत. मी मान लववली. ते ‘ऐकलं’ होतं, ‘हो’ नव्हतं. त्यांनी ते कसं घेतलं कळलं नाही. मी त्यांना उतारावरून फाटकापर्यंत सोडलं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती मुळा किसत होती. किसून झाल्यावर म्हणाली, तुम्ही खोटं नीट बोलू शकत नाही, तेव्हा जपून. सल्ला म्हणून ते मला पुरेसं वाटलं नाही.

रविवारी होन्मा आणि मी काळे सूट घालून निघालो. होन्माच्या एका हातात चांगल्या दुकानातली योकानची, म्हणजे लाल चवळीच्या वडीची, पेटी होती आणि बॅगेत निइमीबाईंचा कागद. वाटेत त्याने दोनदा बजावलं. आपण होऊन काही बोलायचं नाही, सबबी सांगायच्या नाहीत, नुसती क्षमा मागायची. पण मुलाने विचारलं की पन्नास मिनिटं कशी लागली, तर बाई स्वतः काय म्हणाल्या ते शांतपणे सांगायचं. मग मी कागद काढतो. तुम्हाला घरी बसावं लागायला नको, सेगावासान, असं तो शेवटी म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरी माया होती.

कुरामोचींचं घर टेकडीच्या अर्ध्यावर आहे. खोलीत उदबत्तीचा वास, फोटोत यजमान कपाळाला आठ्या घालून बसलेले, त्यांच्यापुढे अस्थींचा कलश पांढऱ्या कापडात. बाई खुर्चीतून उतरून चटईवर बसल्या होत्या, पाय एका बाजूला, कारण दुमडता येत नाहीत. यासुनोरी पन्नाशीचा, रुंद हाडाचा, डोळे सुजलेले. आम्ही दोघांनी कपाळ चटईला टेकवलं. होन्मा बोलायचं ते सगळं बोलला. पेटी पुढे सरकवली, यासुनोरीने ती बोटाने तशीच मागे सारली.

मग तो माझ्याकडे वळला. ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

“मी या लाईनवर लहानाचा मोठा झालो,” तो म्हणाला. “दर दहा मिनिटांनी गाडी असते. माझी आई तिथे पन्नास मिनिटं बसून होती. तेवढं मला समजावून सांगा.”

होन्माने माझ्याकडे बघितलं. त्याचा हात बॅगेच्या चेनवर गेला. बाईंनी कुणाकडेच बघितलं नाही. त्यांची नजर चटईच्या काठावर होती आणि दोन्ही हात मांडीवर होते. एकदाही त्यांनी मला डोळ्यांनी विनवलं नाही. विनवलं असतं तर कदाचित मी खरं बोललो असतो, कारण राग अजून गेला नव्हता.

“कामिगासेला मीच तसं सांगितलं होतं,” मी म्हणालो. “म्हटलं, या प्रवाशाला घ्यायला माणूस येणार आहे, येईपर्यंत त्यांना फलाटावर बसवून ठेवा. ते दुसऱ्या प्रवाशाबद्दल होतं. आपल्या आईंनी तिथे काय सांगितलं असतं तरी माझ्या निरोपापुढे उपयोग नव्हता. पन्नासच्या पन्नास मिनिटं माझी आहेत.”

बायकोने बजावलं होतं तरी मी नीट खोटं बोललो. होन्माने चेन उघडली नाही, हात काढून घेतला, आणि गालावरून फिरवला.

यासुनोरी म्हणाला, माझे वडील आईची वाट बघत गेले, हे तुम्ही जन्मभर लक्षात ठेवा. मी म्हणालो, ठेवीन. आणि पुन्हा कपाळ टेकवलं. नव्या चटईचा वास नाकात गेला. मला एकदम फार दमल्यासारखं झालं, नोकरीच्या एकोणचाळीस वर्षांचं एकदम, आणि वाटलं, इथेच असं पडून राहावं.

समोर कापड सरकल्याचा आवाज झाला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. कुरामोचीबाई दोन्ही हात पुढे टेकून, दुखऱ्या कमरेतून जेवढं वाकता येतं त्याहून खाली, माझ्यासमोर वाकत होत्या. कपाळ चटईला लागलं तेव्हा त्यांच्या तोंडून बारीक कण्हल्यासारखा आवाज निघाला.

“आई, तू कशाला वाकतेस?” यासुनोरी म्हणाला. “तू नाही वाकायचं. चूक यांची आहे.”

“सवय आहे रे,” त्या खालूनच म्हणाल्या, आणि मुलाने खांद्याला धरून उठवेपर्यंत त्यांनी डोकं वर केलं नाही.